सातव्या महिन्याचा दाखला

“बघून घ्या मला,” असं म्हणत तो सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारायचा आणि हात पुढे करून उभा राहायचा. मग दुसरी बाही. मग तोंड उघडून दात दाखवायचा. तुम्ही म्हणाल, बैलबाजार होता की काय. नाही हो. समोर खाटेवर बाळंतीण असायची, तिच्या कुशीत कापसात गुंडाळलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ असायचं, आणि हा धिप्पाड, दारातून तिरका होऊन आत आलेला गडी त्या आईला सांगायचा, “मी सातव्यातला. असाच होतो, एवढुसा. बघून घ्या.”

आम्ही दोघं डहाणूच्या कचेरीत कारकून. माझ्याकडे आवक-जावक, त्याच्याकडे रेकॉर्डची खोली. त्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यातून दिसायची ती शेजारच्या गवताच्या वखारीची भिंत. तिथं तो दिवसभर जुन्या कागदांत बसायचा आणि अधूनमधून बाहेर येऊन लांब श्वास घ्यायचा. स्वभावाने गरीब. साहेब ओरडला तरी ‘बरोबर आहे, साहेब’ म्हणायचा, मग साहेबालाच ओशाळं व्हायचं.

त्या वेळच्या गोष्टी आता तुम्हाला खऱ्या वाटणार नाहीत. एखाद्या घरात मूल वेळेआधी आलं की ते घर गप्प व्हायचं. पेढे नाहीत, बाळंतविडा नाही, बारशाचं नाव कुणी काढायचं नाही. शेजारणी एकमेकींना म्हणायच्या, “राहतंय का बघू, मग जाऊ.” त्यातून सोयर. जन्माचं सोयर असलं की दहा दिवस बाहेरचं माणूस त्या घरी पाण्याचा थेंब घेत नाही, हे ठरलेलं. एरवी दहा दिवस कसे सरतात कळत नाही, पण अशा घरात बाळंतीण आणि ते बाळ अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं आणि सगळे जण वाट बघायचे. कशाची वाट, ते कुणी बोलायचं नाही. त्यात आणखी एक खूळ असं की सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. मग आठव्यातल्याला घरचे सातव्यातलं म्हणून सांगायचे. देवाला फसवायला निघालेली माणसं.

अशा घरातून मग कुणीतरी कचेरीत यायचं आणि दाराशी घुटमळायचं. शिपाई न विचारताच रेकॉर्डच्या खोलीकडे बोट दाखवायचा.

हा जायचा. नुसतं दंड दाखवून यायचा नाही, तिथं जेवायचा. सोयराच्या घरात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाटच पडलो. म्हटलं, “अरे, लोक काय म्हणतील?” तर म्हणे, “मला काय विटाळ होणार? मी जन्मापासून त्याच खोलीत आहे.” बाळंतिणीला दिसेल असं पान मांडायचं, दार उघडं ठेवायचं, आणि हा खाली मांडी घालून जेवायचा. स्टेशनाजवळच्या एका गुजराती दुकानदाराच्या घरी मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथली म्हातारी त्याच्या ताटात रोटली टाकत राहिली. हा हात आडवा धरतोय आणि ती दबक्या आवाजात म्हणतेय, “ले ने भाई, वहू जुए छे.” घे रे, सून बघतेय. सून खरंच बघत होती. कूस बदलून, मान उचलून बघत होती. यानं आणखी दोन रोटल्या खाल्ल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “सकाळी सरावली गावात, एका बाळंतिणीकडे एक जेवण झालंय माझं.” मला हसू आवरेना. तोही हसला, पण थोडंच.

हे त्याच्या आईने सुरू केलेलं. सातव्यात झालेलं पोर तिने कापसात ठेवून जगवलं, असा तिचा लौकिक होता. त्यामुळं कुणाकडे असं मूल झालं की तिला बोलावणं यायचं आणि ती याला बोटाला धरून न्यायची. याची मुंज झाली, मिसरूड फुटलं, कचेरीत नोकरी लागली, तरी आईबरोबर जाणं होतंच. आई गेली तेव्हा त्याला वाटलं, आता सुटलो. तिच्या तेराव्याला पंगत बसली होती आणि अंगणात एक माणूस टोपी हातात घेऊन उभा. “तुमचं झालं की याल का?” तेराव्याचं जेवण टाकून हा त्या माणसाबरोबर गेला.

बरं, या मोठेपणाचा त्याला फायदा काय? लग्न जमेना. मुलीचे बाप यायचे, चहा प्यायचे, आणि मग चौकशी व्हायची की हा तोच ना, सातव्यातला? मूळ कच्चं असणार, मुलं कशी होतील, असा विचार करून माणसं निघून जायची. एका मुलीच्या मामाला मी तोंडावर म्हटलं, “पोरं जगवायला हा चालतो आणि जावई म्हणून चालत नाही होय?” तो म्हणाला, “तसं नाही, पण…” हे ‘पण’ त्याच्या नशिबाला कायमचं चिकटलं. शेवटपर्यंत तो एकटाच राहिला.

त्याला आजारी पडायचीही सोय नव्हती. एकदा हिवतापाने फणफणला होता. मी भेटायला गेलो तर दार आतून बंद. फटीतून म्हणतो, “कचेरीत सांग, गावाला गेलाय.” का, तर त्या आठवड्यात डहाणूत दोन घरी बाळं कापसात होती. हा आडवा पडलाय हे त्या बायकांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी हाय खाल्ली असती. शेवटी मला आत घेतलं. चादरीत कुडकुडत होता बिचारा, आणि खिडकीसुद्धा उघडू देईना. मला रागच आला. म्हटलं, “माणूस आहेस का देवळातली मूर्ती?” तो म्हणाला, “मूर्तीला निदान सगळ्यांच्या देखत झोपवतात.”

पण एक सांगतो, नुसतं दंड दाखवणं त्याचं त्यालाच खुपायला लागलं असावं. सरकारी दवाखान्यात एक वयस्कर नर्सबाई होत्या. त्यांना गाठून तो विचारून यायचा आणि घरोघरी तेच सांगायचा. बाळाला न्हाऊ घालू नका. खोलीत धुरी करू नका, त्याला श्वास पुरत नाही. आईच्या छातीशी, उघड्या अंगाशी धरा, वर पांघरूण घ्या. ओढता येत नसेल तर आईचंच दूध वाटीत काढून थेंब थेंब पाजा. बघायला येणाऱ्यांनी बाळाला हात लावू नका, पण आईजवळ बसा. घरातल्या म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या, “बाप्यानं काय हे बोलावं.” हा कानाच्या पाळ्या लाल करून, जमिनीकडे बघत, पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकायचा. काही घरांतली बाळं जगली. काही गेली. गेली त्या घरांवरून तो पुढे कित्येक दिवस जायचा नाही, लांबच्या रस्त्याने कचेरीत यायचा.

मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरीला वेगळी कचेरी आली. तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. हा स्वतः अर्ज करून गेला. मला म्हणाला, “तिथं मला कोण ओळखतंय?” मी मनात म्हटलं, जा बाबा, घे चार दिवस मोकळा श्वास. पण तलासरी पडली हमरस्त्यावर. मुंबई-अहमदाबादच्या गाड्या तिथं थांबायच्या. डहाणूची माणसं एसटीने जाऊन त्याला घेऊन यायला लागली, आणि वर पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावांनाही त्याचा पत्ता लागला. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरं काय.

कचेरीच्या कामाला मी एकदा तलासरीला गेलो होतो. काम दुपारीच आटपलं. तो मला गाडीवर बसवायला आला. थांब्यावर एक बाकडं होतं, तिथं बसलो. डहाणूची गाडी यायची होती. गडी अगदी उतरला होता. गाल बसलेले, सदरा अंगावर लोंबतोय. मी विचारलं, “जेवत नाहीस का?”

“घास उतरत नाही.”

मग हळूहळू बोलला. डोंगराकडच्या एका गावात, भात-नागली पिकवणाऱ्या एका घरी त्याला नेलं होतं. पहिलटकरीण होती. त्याने नेहमीसारखं दंड दाखवले, जेवला, सगळं सांगून आला. त्या बाईने सांगितल्यातलं एक टाकलं नाही. दिवसभर बाळाला छातीशी धरून बसायची, पाठ टेकायची नाही. आठवड्याने बाळ गेलं. हा पुन्हा भेटायला गेला तर ती ओटीवर बसली होती. रडत नव्हती. याला बघून म्हणाली, “दादा, तुमच्या आयशीनं काय केलं होतं? माझ्याकडून काय राहिलं, तेवढं सांगा.”

“तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“काय सांगणार? माझ्या आईने काहीच केलं नव्हतं.” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “मी सातव्यातला नाहीच रे. मी पुऱ्या दिवसांचा.”

 मग त्याने सांगितलं ते असं. त्याच्या आईवडलांचा साखरपुडा झाला आणि घरात मोठं माणूस गेलं, म्हणून लग्न पुढं ढकललं. दोघं एकाच आळीतली. व्हायचं ते झालं. लग्न घाईने उरकलं आणि सातव्या महिन्यात हा जन्माला आला, चांगला गुटगुटीत. आता लोकांना काय सांगायचं? सातव्यातलं म्हणून सांगितलं. आणि सांगितलं म्हणजे तसं दिसायलाही हवं. त्या माउलीने त्याला भर उन्हाळ्यात कापसात गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठेवलं, कुणाला तोंड दाखवलं नाही. घामोळ्यांनी पोर रात्रंदिवस भोकाड पसरायचं आणि बाहेर बायका म्हणायच्या, सातव्यातलं असून आवाज बघा केवढा. पुढं लोक तिलाच बोलवायला लागले. नाही म्हणावं तर संशय. मग याला घेऊन जाऊ लागली. मरायच्या आधी तिने हे त्याला सांगितलं आणि हात जोडले, “माझं नाव घालवू नकोस.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खरं बोलावं तर मेलेल्या आईची अब्रू जाते. न बोलावं तर पोर गमावलेली बाई जन्मभर विचारत बसते की माझं काय चुकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकता झाकता या माणसाची बोटं आखडून गेली होती. गाडी आली. मी चढताना त्याने माझा दंड धरला. “तुझ्या पोटात राहू दे. शपथ आहे.” मी मान हलवली.

आणि बघा कसं असतं. त्याच वर्षी माझ्या घरी मुलगी झाली, वेळेच्या कितीतरी आधी. बाळ कसलं, सालपट काढलेल्या आंब्याच्या कोयीसारखं होतं. दवाखान्यातल्या त्या नर्सबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, “मुंबईला नेता नेताच गारठेल. इथंच ऊब द्या.” माझी आई देवापाशी बसली. शेजार गप्प झाला. इतक्या घरांचं ऐकलं होतं, पण ती शांतता स्वतःच्या घरात काय असते ते तेव्हा कळलं. मी आतल्या खोलीत जायचो आणि पाय तिथं ठरायचा नाही. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “त्यांना बोलवा.”

“कुणाला?” मी उगाच विचारलं.

“कुणाला काय? तुमच्या मित्राला.”

शपथ घातलेली. तिला काय सांगणार? मी तलासरीची गाडी पकडली. त्याच्यापुढं उभा राहिलो तर तो आधीच मान हलवायला लागला. “तुझ्याकडे नाही येणार. तुला माहीत आहे सगळं.” मी म्हटलं, “मला आहे. तिला नाही.” आणि मला रडू फुटलं, कचेरीत, चार माणसांत. त्याने कोट घेतला आणि निघाला. 

घरी आल्यावर त्याने बाह्या वर सारल्या नाहीत. दारातच उंबऱ्यावर बसला. मुलीकडे बघितलं, म्हणाला, “नाव काय ठेवलं?” अजून कुणी हे विचारलं नव्हतं. बायकोने मनातलं नाव सांगितलं. त्याने ते मोठ्याने उच्चारलं, दोनदा. मग घसा खाकरून म्हणाला, “वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. माझ्याबद्दल.”

 पण ती त्याला पुढे बोलूच देईना. “ते राहू द्या हो, भावजी. आधी जेवून घ्या. सासूबाईंनी पान वाढलंय.” आणि आईला हाक मारली. तो जेवला. मुकाट्याने जेवला. निघताना नर्सबाईंचं सगळं पुन्हा सांगितलं आणि मला बजावलं, “तू नुसता येरझारा घालू नकोस. तिच्याजवळ बस. ती दमली की पोरीला तुझ्या छातीशी धर.” बापाने असं करायची रीत नव्हती. मी धरली. पाखरासारखं ते काळीज माझ्या उघड्या छातीवर धडधडायचं आणि मी हलायला भ्यायचो. सांगायला हरकत नाही, मी इतका कधी कुणाला भ्यालो नाही.

मुलगी जगली. थंडी सरता सरता तिला गाल आले, मग आवाज आला. वैशाखात आम्ही बारसं केलं. त्याला निरोप धाडला. तो आला नाही. तोवर त्याने बदली मागून घेतली होती, पार भंडाऱ्याकडे, जिथं डहाणू कुठल्या दिशेला हेही कुणाला ठाऊक नसेल. तिकडून कधी पत्र नाही की निरोप नाही. मला वाटायचं, बरं झालं, सुटला एकदाचा.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास कचेरीत कळलं की तो गेला. काविळीने. एकटाच राहायचा. जेवणाची आबाळ होती म्हणे. पोटभर जेवत नाही, कुणाच्या घरी गेला तरी ताटाला हात लावत नाही, असं तिकडचा माणूस सांगत होता.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ज्याने शपथ घातली तोच राहिला नाही, आता कुणाची अब्रू जपायची? साखरपुडा, घाईचं लग्न, कापूस, सगळं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“सगळ्या बायकांना. त्यांच्या आईची सुईण काय मुकी होती? मी लग्न होऊन इथं आले त्याच वर्षी मला शेजारणीने सांगितलं.”

मी विचारलं, “मग बोलावत का होतात त्याला? त्याच्या दंडाकडे बघून तुम्हाला धीर यायचा ना?”

“दंडाचं काय घेऊन बसलात?” ती म्हणाली. “त्या घरात कुणी पाऊल टाकत नव्हतं. ते यायचे, बसायचे, जेवायचे. बाळाकडे बघायचे. तेवढ्याने बरं वाटायचं.”

“त्याला सांगायला काय झालं होतं मग? तो झुरून मेला, कळतंय का? तुमच्या तोंडाला काय कुलूप होतं?” माझा आवाज चढला होता. मुलगी बाहेरून आत डोकावली.

बायकोने भाजीचं ताट खाली ठेवलं. “काय सांगणार? तुमच्या आईच्या लग्नाचे महिने आम्ही सगळ्यांनी मोजलेत, असं? ते त्या दिवशी सांगायला निघाले होते, मला कळलं. म्हटलं, कशाला या माणसाला आपल्या तोंडाने आईची चूक बोलावी लागावी. म्हणून मी त्यांना जेवायला बसवलं.” आणि मग तिचे डोळे भरून आले. “मला वाटलं, मी त्यांना सोडवलं.”

 मीही तोंड बंद ठेवलं होतं, तीही तोंड बंद ठेवून होती, अख्ख्या गावातल्या बायका तोंड बंद ठेवून होत्या, आणि सगळ्या त्याच्यावरच्या मायेपोटी. मी ओटीवर येऊन बसलो. मुलगी जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. तिला म्हटलं, काही नाही, तुझं नाव सगळ्यात आधी ज्यांनी घेतलं ते काका गेले. ती म्हणाली, ते कोण, मी तर त्यांना बघितलंच नाही.